पेटीखाली गेलेलं वाक्य

प्रमिलाताई गेल्याची बातमी मला आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. पाण्याच्या टँकरची वेळ आणि कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध कुणीतरी लिहिलं होतं, 'ज्येष्ठ गायिका प्रमिला ओव्हाळ यांचे निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेत आमच्या तळमजल्यावरचे एक गृहस्थही होते. तीन दिवाळ्यांपूर्वी याच ग्रुपवर याच गृहस्थांनी ताईंची ती क्लिप टाकली होती आणि वर लिहिलं होतं, 'अशांना स्टेज देतं कोण?' क्लिपमध्ये ताईंच्या डाव्या हाताला पेटीवर बसलेला माणूस मीच आहे, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसत होतं. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही आणि कुणी काढत नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं... त्यामुळे या वेळी त्या गृहस्थांच्या जोडलेल्या हातांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. मीही तेच चित्र टाकलं आणि मग ताईंच्या मुलीला, सुजाताला, फोन लावला.

आमची ओळख कसबा पेठेतली, विशीतली. बुवांकडे मी पेटी शिकायला जायचो आणि त्या गाणं. त्या हडपसरहून दोन बस बदलून यायच्या. वडील कारखान्यात फिटर. घरात गाणं होतं ते वस्तीत जयंतीला रात्रभर चालणाऱ्या गाण्यांचं. आवाज मोकळा, खडा, आणि बुवांनी त्याला वळण लावताना तो मोकळेपणा मोडला नाही, ही बुवांची कृपा. बुवा खेकसायचे मात्र दोघांवर सारखेच. पुढे मी बँकेत लागलो, त्या शाळेत संगीत शिक्षिका झाल्या, पण गाणं आलं की पेटीवर मी, हे ठरूनच गेलं. त्या मला 'दामले' म्हणायच्या, मी त्यांना 'प्रमिलाताई', आणि आयुष्यभर आम्ही एकमेकांना 'अहो'च म्हणत आलो. कार्यक्रमानंतर एखादा रसिक चहाच्या कपासकट जवळ येऊन हळूच विचारायचा, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" विचारायचं काय असायचं ते आम्हा सगळ्यांनाच कळायचं. ताई म्हणायच्या, "हडपसरच्या. आणि तुम्ही?" तो माणूस घाईघाईनं साखर ढवळायला लागायचा आणि मी खाली बघून हसायचो. तेवढ्यावरच मला वाटायचं की मी त्यांच्या बाजूचा आहे.

पेटीवाल्याचं काम काय असतं हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गायक गातो, पेटी त्याच्या मागून सावलीसारखी चालते. गायकाला खोकला आला, शब्द आठवेना, श्वास अपुरा पडला, की पेटीवाल्यानं ती जागा भरून काढायची. श्रोत्यांना कळूही द्यायचं नाही. ताईंचा शब्द अडकायच्या आधीच माझी बोटं चाललेली असायची आणि याचं त्यांना कौतुक होतं. पण कधी कधी त्यांना एखादी ओळ पेटीशिवाय, नुसती, उघडी म्हणायची असे. तेव्हा त्या डावा तळवा मांडीवरून जरासा उचलायच्या. तळवा उचलला की मी भाता सोडायचा. इतक्या वर्षांत ती खूण माझ्याकडून एकदाही चुकली नव्हती.

त्या दिवाळीत आमच्याच भागातल्या मैदानावर दिवाळी पहाट होती. आयोजक भागातले मोठे पुढारी. मांडव, हजारो पणत्या, आकाशकंदील, पुढच्या रांगेत सोफे, मागे फराळाची टेबलं. ताई सुरेख गायल्या. भैरवीच्या आधी सत्कार होता, पुढाऱ्यांनी शाल घातली, श्रीफळ दिलं आणि निवेदकानं अगदी लाडात येऊन म्हटलं, "ताई, दोन शब्द." ताईंनी माइक जवळ घेतला. म्हणाल्या, "ही रोषणाई बघून मला आज लाज वाटतेय." आणि त्यांनी डावा तळवा उचलला.

मी तो पाहिला. पाहिला नाही असं मला आजवर स्वतःलासुद्धा सांगता आलेलं नाही. पण त्याच वेळी मला विंगेत आयोजकांचा माणूसही दिसत होता. तो हवेत बोट गरगर फिरवून 'आवरा, आवरा' म्हणत होता. पुढच्या सोफ्यावरचं हसू मावळलं होतं. आणि मी, काहीच अडलेलं नसताना, जागा भरून काढली. भैरवी सुरू केली. गाणं ऐकणाऱ्याला सांगायला नको, भैरवी झाली की मैफल संपली. तिच्यानंतर कुणी गात नाही आणि कुणी बोलतही नाही. मांडवातल्या शहाण्या श्रोत्यांनी पहिल्या सुरालाच चपला शोधायला सुरुवात केली. ताई बोलतच होत्या. निवेदकानं पुढे येऊन त्यांच्यासमोरचा माइक हलकेच काढून घेतला, माझ्या पेटीपुढचा तसाच राहिला. त्या पुढे म्हणाल्या ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या मला स्वच्छ ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात कालव्याकडेची घरं पाडली. हडपसरला माझ्याकडे शिकणाऱ्या पोरी तिथल्या. त्यांना पणती ठेवायला उंबरा उरला नाही, आणि ज्यांनी पाडायला लावली त्यांच्याच मांडवात मी गातेय. म्हणून ही लाज माझी आहे, तुमची नाही. तुम्ही दिवाळी करा, फक्त त्या पोरींची आठवण असू द्या."

मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. गायल्या नाहीत. भैरवी मी एकट्यानंच शेवटपर्यंत वाजवली.

दुपारपर्यंत क्लिप सगळीकडे गेली. तिच्यात पहिलं वाक्य होतं आणि नंतर माझी पेटी. दिवाळीच्या रोषणाईची बाईला लाज वाटते, म्हणजे आमच्या सणाची लाज वाटते, आणि वाटणारच, कोण आहेत त्या बघा, असं लोकांनी लिहिलं. पुढचं जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्या घरच्या लग्नात त्या मंगलाष्टकं म्हणायला गेल्या होत्या त्यांनीही लिहिलं. एका मंडळानं ठरलेला कार्यक्रम 'तांत्रिक कारणामुळे' रद्द केला. बहुधा मंडळाच्याच गळ्यात तांत्रिक बिघाड असावा. कोथरूडमध्ये ताई गाण्याचा क्लास घ्यायच्या, तिथल्या मुली एकेक करून यायच्या थांबल्या. एका आईनं तर फोनवर सांगितलं, "गाणं तुम्ही उत्तम शिकवता हो, पण गाण्यात राजकारण कशाला?" ताई म्हणाल्या, "राजकारण नाही शिकवलं मी तिला. भूप शिकवला." आणि फोन ठेवला.

एका वार्ताहरानं त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी पुढचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते छापून आलं आणि लोक म्हणाले, अंगाशी आल्यावर ही सारवासारव, हे नंतर सुचलेलं आहे. मग त्या वार्ताहरानं मला फोन केला. तबलजी ताईंच्या पलीकडच्या बाजूला होता, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की पेटीमुळे मला कळलं नाही, दामल्यांना विचारा. मी बाल्कनीत उभा होतो. समोर कुंड्या होत्या. तो वार्ताहर म्हणाला, "सर, एवढंच सांगा, त्या तिथे ते बोलल्या होत्या का?" मी म्हणालो, "पेटीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही." एवढं बोलायला मला अजिबात त्रास झाला नाही, हे आठवलं की आज जास्त त्रास होतो. पुढच्या दिवाळीला त्याच मैदानावर, त्याच मांडवात, दुसऱ्या एका गायिकेच्या मागे मी पेटीवर होतो. शाल मलाही मिळाली. ती कपाटात आहे.

ताईंचं शहरातलं गाणं त्यानंतर जवळपास बंदच झालं. त्या हडपसरच्या घरी त्या पोरींना शिकवत राहिल्या. मला दर दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा, "दामले, रविवारी या की. मी एका हातानं पेटी आणि एका हातानं ताल धरते, पोरी हसतात मला." मी गुडघ्याचं सांगायचो, बसच्या गर्दीचं सांगायचो. गुडघा दुखतो हे खरंच आहे. पण तो मैदानावरच्या स्टेजच्या पायऱ्या चढताना दुखला नव्हता.

शेवटी गेलो तो त्यांच्या आजारपणातच. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज बारीक झाला होता, जीभ तेवढीच धारदार. सुजातानं चहा दिला. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी भैरवी तुम्ही काळी एकमध्ये सुरू केलीत. माझी पट्टी काळी पाच. मला गायचं असतं तरी गाता आलं नसतं." खरं होतं ते. बुवांकडे मी पहिल्यांदा काळी एकवर बोटं ठेवायला शिकलो होतो. घाबरल्यावर हात तिकडेच गेला. मी म्हणालो, "ताई, मला तुमचं सगळं वाक्य ऐकू आलं होतं."

"माहितीये मला. हातभरावर होतात."

"मग तुम्ही तसं सांगितलं का नाहीत कुणाला? दामल्यांनी ऐकलंय म्हणून?"

"तुमच्याकडून वदवून घ्यायचं का मी? क्लास घेतेय का मी तुमचा?"

मला हसूही आलं नाही. मी म्हणालो, "मी लिहीन. कुठेतरी नावानिशी लिहीन." त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "लिहा. घाई नाही." घाई नाही हे मी खरं मानलं. परतताना बसमध्ये मी वाक्यंही जुळवली होती. घरी आलो, आणि आज लिहू, उद्या लिहू करत पावसाळा गेला. मग टँकर आणि मांजर यांच्यामधला तो मेसेज आला.

कोथरूडमध्ये शोकसभा झाली. चांगली झाली. सगळे ताईंच्या तानांबद्दल बोलले, बुवांच्या तालमीबद्दल बोलले. शेवटच्या वर्षांबद्दल अध्यक्ष म्हणाले, "मधल्या काळात त्या थोड्या दूर गेल्या." माझी पाळी आली. मी उठलो... आणि मीही तानांबद्दलच बोललो. मागच्या खुर्चीवर बसलेल्या सुजातानं मान खाली घातली. ती काही म्हणाली नाही, ते तिनं आईकडून घेतलंय. घरी येऊन मी हा लेख लिहायला घेतला. तर आता लिहितो: प्रमिला ओव्हाळ यांनी त्या सकाळी पुढचं वाक्य त्या मांडवातच म्हटलं होतं. नंतर सुचलेलं नव्हतं. मी ते शब्दन् शब्द ऐकलं, ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पेटी वाजवली आणि विचारल्यावर खोटं बोललो. हे आज लिहून त्यांना काही मिळणार नाही. त्यांच्या हयातीत लिहिलं असतं तर निदान क्लासच्या चार मुली परत आल्या असत्या, कदाचित एखादी मैफलही झाली असती. भरवसा नाही, पण तेवढी शक्यता माझ्या हातात होती आणि मी ती वापरली नाही.

गेल्या रविवारी हडपसरला गेलो. सुजातानं पोरींचा वर्ग बंद केलेला नाही. ताईंची खाट काढली होती, भिंतीशी त्यांची पेटी तशीच, वर त्यांनीच शिवलेली चौकटीची खोळ. पोरी जमल्या. त्यांतल्या मोठीनं ताईंच्या पट्टीतच सूर मागितला. मी काळी पाच धरली. गाणं सुरू झालं, माझी बोटं सवयीनं तिच्या मागून चालली, आणि दुसऱ्या कडव्यात तिचा डावा तळवा मांडीवरून जरासा उचलला गेला. तस्साच. ताईंनी सगळ्यांनाच ती खूण शिकवली असणार... मी भाता सोडला. मला वाटलं, आता ही ओळ उघडी म्हणणार. ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली आणि जरा ओशाळून म्हणाली, "काका, शब्द आठवत नाही. थांबाल का जरा?"

बोटं स्वरांवर होतीच, जागा भरून काढायला एक क्षणही लागला नसता. मी हात मांडीवर घेतले. म्हटलं, "थांबतो. सावकाश आठव."