सासूबाई मधल्या खुर्चीत

माझ्या दुसऱ्या लग्नाची खटपट माझ्या सासूबाईंनी सुरू केली. हे वाक्य मला लोकांना नेहमी दोनदा सांगावं लागतं, म्हणून आधीच स्पष्ट करते. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि सिडकोतल्या आमच्या रो-हाउसमध्ये आम्ही दोघीच राहत होतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. सासूबाई मूळच्या येवल्याकडच्या. पुनर्विवाहाच्या मेळाव्यात माझं नाव त्यांनीच नोंदवलं आणि मला मागाहून कळवलं.

स्थळ चांगलं होतं. शाळेत चित्रकला शिकवणारे एक सर, पन्नाशीचे, बायको वारलेली, इंदिरानगरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटेच राहणारे. फोनवर ते मला म्हणाले, "बघण्याचा कार्यक्रम वगैरे नको. आमच्या फिल्म क्लबात रविवारी एक फ्रेंच सिनेमा आहे, नवरा शोधणाऱ्या बाईचा. तुम्ही या, नंतर चहा घेऊ."

मला ते पटलं. मला त्यांना एकच गोष्ट सांगायची होती: माझ्याशी लग्न केलं तर सासूबाई माझ्याबरोबर येणार. हे सिनेमाच्या आधी सांगायचं मी ठरवलं. कामाचं बोलणं आधी उरकलं की पुढचा वेळ वाया जात नाही, माझाही आणि समोरच्याचाही.

"एकटी कशी जाशील?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"म्हणूनच म्हणते. वीसची असतीस तर पळून तरी गेली असतीस."

त्या आल्या. शिवाय त्यांनी पोहे केले. पहिल्या भेटीत मुलीकडच्यांनी पोहे द्यायचेच, मग ती भेट थेटरात का असेना. कांदा चिरण्यात, डबा शोधण्यात उशीर झाला आणि आम्ही पोचलो तेव्हा हॉलमधले दिवे मालवलेले होते. सर दाराशीच उभे होते. "या, या," एवढंच बोलणं झालं. सासूबाई आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसल्या. माझं वाक्य सांगायचं राहूनच गेलं.

सिनेमातली बाई चाळिशीची. पॅरिसमध्ये एकटी राहते आणि एक दिवस ठरवते, आता नवरा शोधायचा. एक दाताचा डॉक्टर, एक बोटीवर राहणारा, एक सारखा स्वतःबद्दलच बोलणारा. खाली इंग्रजी अक्षरं येत होती आणि सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. मी त्यांच्याकडे झुकले, तोवर सरांनी दुसऱ्या बाजूने सांगायला सुरुवात केलीही होती.

"काय म्हणती ही?"

"म्हणते, हा माणूस जेवताना फोन बघतो. नको."

"बरोबर हाय." थोड्या वेळाने, "हिच्या घरचं कुणीच कसं नाय विचारायला?"

"तिकडे ज्याचं त्याने बघायचं असतं, काकू."

"तरीच इतके नग बघावे लागतात."

पुढच्या रांगेतले दोघं हसले. पडद्यावर बाई आणि बोटवाला एकमेकांच्या अगदी जवळ आले आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी डबा उघडला. हॉलभर कांद्याचा वास. "खाऊन घ्या सर, गार होतील." आणि सर खरंच अंधारात चमच्याने पोहे खाऊ लागले.

ती बाई एक छोटी पिशवी खांद्याला अडकवून सगळीकडे फिरायची. तेवढंच तिचं सामान. घरी कोणी वाट बघणारं नाही, कोणाची बीपीची गोळी द्यायची नाही. मला तिचा राग येत होता आणि हेवाही वाटत होता. तेवढ्यात सासूबाईंची कुजबुज कानावर आली.

"मी येवल्याला लेकीकडं जाणार. सगळं ठरलंय. हिच्यामागं कसलं लचांड नाय."

काही ठरलेलं नव्हतं. माझ्या नणंदेच्या घरात पुढच्या खोलीत पैठणीचे माग आणि मागच्या खोलीत सगळं कुटुंब. सासूबाई तिथे चार दिवसांत कंटाळतात. धडधडीत खोटं होतं ते, आणि अंधारात, त्यांच्या अंगावरून वाकून मला ते खोडता येईना. सरांनी मान डोलावलेली मला दिसली. शेवटी सिनेमातल्या त्या बाईला नवरा मिळाला की नाही, मला सांगता येणार नाही. मी पडद्याकडे बघत होते, एवढंच.

बाहेर टपरीवर चहा हातात आल्याबरोबर मी म्हणाले, "सर, एक दुरुस्ती आहे. आई येवल्याला जाणार नाहीत. लग्न झालं तर त्या माझ्याबरोबर राहतील. ते जमणार नसेल तर लग्न नाही."

"अगं ए!" सासूबाई ओरडल्या.

"माझ्या दोनच खोल्या आहेत," सर म्हणाले. "मला जरा विचार करू द्या. कळवतो."

'विचार करून कळवतो' म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं.

रिक्षात सासूबाई फणकारल्या. "घालवलंस. हातचं स्थळ घालवलंस."

"तुम्ही खोटं बोललात, आई."

"लग्नात खरं कोण बोलतं गं? तुझ्या सासऱ्याची दोन एकर बागायत सांगितली होती मला. येऊन बघते तर विहीरच नाय!" मग त्यांनी तोंड बाहेर वळवलं. "मी अशी किती दिवस पुरणार? मग त्या घरात तू एकटीच बसशील."

मला त्यांच्या एकटेपणाची भीती होती, त्यांना माझ्या.

पुढचे दिवस वाईट गेले. मुलीकडच्यांनी आपण होऊन फोन करायचा नसतो, असा सासूबाईंचा दंडक. मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून घासले, माळा आवरला. फोन वाजला की गॅसवाला नाहीतर बँक. आता नकारच आहे, हे मनाशी पक्कं केलं, तरी रिंग ऐकली की मी ओल्या हातानेच फोन उचलायची.

एका संध्याकाळी सरांचा फोन आला. "काकूंना देता का?"

होकार घरातल्या मोठ्यांना सांगतात. नकारही मोठ्यांनाच सांगतात. मी फोन दिला, नळ बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहिले.

"हं. नवी जागा बघितली? तीन खोल्या? बरं... कितवा मजला?... लिफ्ट?" "नाय हो, तिसरा मजला नाय जमायचा. गुडघे."

संपलं, मी मनात म्हटलं.

"मग तुम्हीच या की इकडं. वरची खोली रिकामीच हाय."

बायकोच्या पहिल्या सासरी राहायला या, असं कोणी कोणाला सांगतं का? पलीकडून शब्द ऐकू येत नव्हते. सासूबाई नुसत्या "हं, हं" करत होत्या. मग त्यांनी फोनवर हात ठेवला.

"अगं, त्यांचं चित्रं काढायचं टेबल लय मोठं हाय म्हणे. आपल्या जिन्यातनं वर जाईल का?"

"मोजावं लागेल," मी म्हणाले आणि टेप घेऊन जिन्यात गेले. वळणावर जिना सगळ्यात अरुंद, तिथेच टेप लावली. शेवटी आकडा मिळाला. तो टेबलाला पुरेसा आहे का, हे मला कळत नव्हतं. मी तो वरूनच ओरडून सांगितला आणि खाली सासूबाईंनी तो फोनवर सांगितला.