चौलच्या बंदरातली कोरडी दारू

चौलला जायचं ठरलं ते साळूवहिनींमुळे. त्या अंद्रेजींच्या पत्नी. अंद्रेजी मूळचे फ्रान्सचे, पेशव्यांच्या तोफखान्यात तोफा ओतवून घेणारे. मी कसब्यातला तांबट, उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या हाताखाली ओतकामात घालवलेला. त्या हिवाळ्यात वहिनींनी अंथरूण धरलं होतं. तिखट जिभेला सोसत नव्हतं, पेजेचा कंटाळा आला होता. चौलला फ्रेंच जहाज लागल्याची बातमी आली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "तुमच्या गावची ती द्राक्षाची दारू एकदा आणाच. लग्नापासून नुसतं ऐकतेय." पुण्यात दारूला मनाई, पण परदेशी चाकरांना घरापुरती सूट होती.

एक बैल आणि दोन तट्टं घेऊन आम्ही निघालो. बोरघाट उतरायचा असेल तर खंडाळ्याला मुक्काम करून पहाटेच निघा. ऊन चढलं की दगडी पायवाटेवर जनावर अडतं. जकातनाक्यावर ओझं सोडून दाखवावं लागतं, तेव्हा गाठी सैल बांधा. पेणला गरम भात आणि कुळथाचं पिठलं मिळालं. अंद्रेजी एरवी भाताचा ढीग संपवायचे. त्या दिवशी त्यांचं चित्त जेवणात नव्हतं.

चौलला खाडीच्या तोंडाशी जहाज उभं होतं. कप्तान निघाला अंद्रेजींच्या शेजारच्या गावचा. त्यांची भाषा मला कामापुरती समजते. पण ते दोघं इतक्या भरभर बोलत होते की मला फक्त माणसांची नावं कळत होती, आणि त्यातलं कोण वारलं ते अंद्रेजींच्या चेहऱ्यावरून.

कप्तानाने वाळूतच फळी टाकली. कोळणीकडून कालवं घेतली, शिंपा उघडून त्यावर लिंबू पिळलं. कच्चं कालव गिळणं माझ्या जिवावर आलं होतं. दारू फिकट, उन्हात वाळलेल्या गवताच्या रंगाची. गोडवा नावाला नाही. म्हणून तिला ते कोरडी म्हणतात. वेलींना शेणखताशिवाय काही घालत नाहीत, दारूत साखर किंवा रंग मिसळत नाहीत, असं कप्तान सांगत होता. पहिला घोट मला नुसता आंबट लागला. कालवानंतरचा दुसरा मात्र खडकावरून आलेल्या पाण्यासारखा स्वच्छ लागला. मीठ लावून वाफवलेल्या पापलेटाबरोबर तर ती फारच जमली. मी सवयीने मिरची चावली आणि चव पार मेली. तुम्ही तसं करू नका.

जेवण झाल्यावर कप्तान म्हणाला की जहाज दोन दिवसांत फ्रान्सला सुटतंय, अंद्रेजींसाठी एक जागा आहे, आणि पुन्हा या बाजूला यायचा त्याचा विचार नाही. अंद्रेजींनी एकदा जहाजाकडे बघितलं. मग त्यांनी बाटल्या पेंढ्यात गुंडाळायला घेतल्या. ऊन लागू नये म्हणून ओझ्यावर ओलं घोंगडं टाकत आम्ही घाट चढलो.

घरी वहिनींना उशीला टेकवून बसवलं. अंद्रेजींनी स्वतः ताट केलं: मुठेतला मासा नुसत्या मिठात वाफवलेला, काकडीच्या चकत्या, ताजा चक्का. वहिनींनी दोन घोट घेतले, मासा खाल्ला. कित्येक दिवसांनी त्या चवीने जेवल्या.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या, "पण निर्मळ आहे." मग त्यांनी विचारलं, "अहो, जहाजात तुमच्यासाठी जागा नव्हती का?"

"नव्हती," अंद्रेजी म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. "तरीच," एवढंच म्हणाल्या, आणि पेला खाली ठेवला.

पावसाळ्याआधीच त्या गेल्या.

लोक मला चौलची वाट विचारतात, मी सांगतो. कालवं कुठे चांगली मिळतात तेही सांगतो. मला स्वतःला मात्र पुन्हा तिकडे जावंसं वाटलं नाही. वहिनींचे दिवस झाल्यावर अंद्रेजी कामावर आले. भट्टी तापेपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो. तोफांकडे बघतच ते म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर मला जा म्हणून ती हटून बसली असती, म्हणून नाही म्हणालो. पण बाळोबा, जागा होती आणि मी परत आलो, हे तिला कळायला हवं होतं."