टेकडी मागे पडल्यावर

विमानाच्या इंधनासारखा रॉकेलचा वास आला की नाशिकजवळच्या आमच्या कंट्रोल टॉवरमधली ऐंशीच्या सुमाराची ती सकाळ आठवते. द्राक्षबागांवर दाट धुकं होतं. आमचे रोजचे वैमानिक डाव्या हाताची टेकडी मागे पडल्यावरच वळायचे, म्हणून आम्ही तेवढं सांगायचंच सोडलं होतं. त्या दिवशीचा वैमानिक मात्र पहिल्यांदाच आलेला. मी सवयीने म्हणालो, “उड्डाणानंतर डावीकडे वळा.” त्याने विचारलं, “कुठून वळू, सर?” मी म्हणालो, “नेहमीसारखं.” तो म्हणाला, “ओके सर.” विमानाचा आवाज धुक्यात लगेच डावीकडे वळला, टेकडीवर स्फोट झाला आणि रेडिओत नुसती खरखर उरली. चौकशीत मी सांगितलं, सूचना दिली होती. ते खोटंही नव्हतं. निवृत्तीनंतरही हा वास आला की मी एकटाच पुटपुटतो, “टेकडी मागे पडल्यावर वळ रे बाबा.”