तिसऱ्या सिलिंडरची खडखड

"तो पाना होता तिथे परत ठेव."

मी डिक्कीत अर्धा आत, अर्धा बाहेर. हातात जॅकचा पाना. मागच्या सीटवर नागवेकर काका डोळे मिटून, पोटावर हात ठेवून बसलेले.

"काका, हाच खडखडत होता. अर्धा तास शोधतोय."

"म्हणूनच सांगतोय. ठेव."

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या पुढे माझं कार ऑडिओचं दुकान आहे. वीस वर्षं गाड्यांत स्पीकर बसवतोय. आमच्या धंद्यात खडखड म्हणजे अब्रूचा प्रश्न. सबवूफर, म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर, दणका द्यायला लागला की गाडीतली प्रत्येक सैल वस्तू वाजायला लागते. नंबरप्लेट, सीटबेल्टचं बक्कल, डिक्कीतली हत्यारं. एकेक शोधून फोमच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि मगच गाडी द्यायची. खडखड मागून घेणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

काका तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलर होते, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारे. निवृत्त होऊन घरी आले आणि झोपच उडाली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून जायफळ उगाळून झालं. "घर हलतच नाही रे मेल्या," ते मला म्हणाले होते. "पाठीला थरथर लागत नाही. माणूस झोपणार कसा?" मग एकदा गाडीत गाणी ऐकताना दहा मिनिटं डोळा लागला. झालं, इलाज सापडला! दुसऱ्या दिवशी काका गाडी घेऊन माझ्या दारात.

कंपनीचा सबवूफर सीटखाली होता, जेवणाच्या डब्याएवढा. त्याने पाठ काय हलणार? मी डिक्कीत बारा इंची बसवला. त्याला ताकद द्यायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याच्यासाठी बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज. कंपनीच्या स्टीरिओला हात लावला नाही, मागच्या स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेतला. इथपर्यंत सगळं नेहमीचं काम.

मग काकांनी फोन काढला. एका जुन्या सोबत्याने बोटीवरून इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. लावला, तर नुसतं फुस्स. फोनचा माइक माणसांच्या बोलण्यासाठी असतो, इतका खालचा आवाज तो पकडत नाही. म्हटलं, आपणच बनवू. एका अ‍ॅपवर ठोका तयार केला.

"हे काय? शिमग्याच्या नमनातला मृदंग लावलायस?"

"तुम्ही सांगा तसा करतो."

"हळू कर. अजून हळू. खाली घे. आता बरोबर." काकांचा चेहरा सैल पडला. मग एक डोळा उघडला. "पण आमच्या सहा सिलिंडरांतला तिसरा लंगडायचा, जोरात ठोकायचा."

मी सहातला तिसरा ठोका वाढवला. लगेच डिक्कीतून पाना बोलला, खडाक्! मी तो काढायला आत घुसलो आणि काकांनी मला अडवलं.

वीस वर्षांची अब्रू गिळून मी पाना परत ठेवला. दोन मिनिटांत काका घोरायला लागले. तीन तास गाडी दुकानाच्या तोंडाशी अडकून. धुम, धुम, खडाक्! दुसऱ्या गिऱ्हाइकाने काचेतून डोकावून विचारलं, "यांना दवाखान्यात न्यायचंय काय?"

पंधरा दिवसांनी काकी आल्या. रिक्षाने आल्या, कारण गाडीची बॅटरी उतरली होती. इंजिन बंद ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चालवला की ती उतरणारच. मी काकांना बजावलं होतं, पण ऐकतो कोण!

"ते धडधडणारं काढून टाक," काकी उभ्याउभ्याच म्हणाल्या. "नवरा कायमचा घरी आला म्हणून मी सत्यनारायण घातला. आणि हा अंगणात गाडीत झोपतो! शेजारीण विचारते, काकांना बाहेर काढलंत काय?" मग आवाज एकदम खाली आला. "तीस वर्षं एकटी झोपले रे. आता तरी..."

मला खरंच वाईट वाटलं. काढलं तर काकांची झोप गेली, ठेवलं तर काकींचा नवरा.

"काकी, काका आत हवे असतील तर स्पीकरही आत घ्यावा लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सबवूफर त्यांच्या पलंगाखाली बसवला. गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर बारा व्होल्टवर चालतो. घरात इन्व्हर्टरची बॅटरी होतीच, आमच्याकडे लाइटीचा काय भरवसा? तीही बारा व्होल्टचीच. तिथून वायर ओढली, काकांचा फोन जोडून ठोका सुरू केला. पलंग थरथरला. काका आडवे झाले.

"तिसरा कुठाय?"

पाना गाडीतच राहिला होता. मी आणायला निघालो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, खण्ण! मांडणीतली स्टीलची ताटं, बरोबर तिसऱ्या ठोक्याला.

"हाच!" काका म्हणाले आणि कूस वळवून झोपले.

"माझी ताटं!" काकी धावल्या. ताटांच्या मधे फडकं कोंबलं. खडखड थांबली आणि काकांचे डोळे टक्क उघडले. काकी दारात येऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग परत गेल्या आणि फडकं काढलं. मी माझी हत्यारं गोळा करून निघालो.

महिन्याभराने दुपारी काकींचा फोन. काका पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस राजापूरला गेले होते.

"अरे, ते बोटीचं इंजिन माझ्या फोनवर पाठव. आणि चालू कसं करायचं ते सांग."

"का हो काकी?"

"झोप लागत नाही."

मी आवाज पाठवला, बटण सांगितलं. म्हटलं, "बारीकच ठेवा, म्हणजे ताटं वाजणार नाहीत."

"बारीक कशाला?" काकी माझ्यावर खेकसल्या. "ताटं वाजायला हवीत."

तेव्हापासून गाडीत खडखड सापडली की पट्टी चिकटवण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो. सोबत बायको असेल तर तिलाही विचारतो.