बुधवारची घरघर

सोलजवळच्या बुप्यॉंगमध्ये, मागच्या एका गल्लीत एक तीनमजली इमारत आहे. तळाला डुकराचे पाय शिजवून विकणारं हॉटेल, त्यावर गणिताची शिकवणी आणि सगळ्यात वर चर्च. गच्चीवर लाल निऑनचा क्रूस आहे. अंधारायला लागलं की तो आपोआप लागतो.

मेंग दल-ह्यॉन या चर्चमध्ये गिटार वाजवतात. वय त्रेसष्ट. दिवसा ते शिकवणीच्या मुलांची पिवळी व्हॅन चालवतात. त्याआधी बरीच वर्षं ते क्लबांमधून वाजवत होते. मग कराओके आलं. पडद्यावर शब्द, खोक्यातून साथ. मालकाने वादकांना एकेक करून घरी पाठवलं. शेवटी ड्रमवाला तेवढा उरला, कारण तो मालकाचा मेहुणा होता.

चर्चमध्ये त्यांना आणलं बायकोने. ओक-बुन रविवारच्या उपासनेनंतरच्या जेवणाचं स्वयंपाकघर सांभाळतात. मेंगना वाजवायला जागा हवी होती, चर्चला वादक हवा होता. पैशांचा प्रश्न कधी आला नाही.

रविवारी सगळी मंडळी गाते, त्यात गिटार बुडून जाते. बुधवार संध्याकाळ वेगळी. पाळक हळू आवाजात प्रार्थना करतात, मध्ये मध्ये गप्प होतात, आणि त्या आवाजाखाली फक्त मेंगची गिटार चालू असते. मेंगना आठवड्यातली हीच वेळ सगळ्यात आवडते. तक्रार आली ती याच वेळेबद्दल, आणि ती केली बांगसाहेबांनी. मंडळीतले ते सगळ्यात ज्येष्ठ. गच्चीवरचा क्रूसही त्यांनीच दिलेला.

"मेंग, प्रार्थनेच्या वेळी तुमच्याकडून दारूचा वास येतो," ते म्हणाले.

"सोडून वीस वर्षं झाली, साहेब."

"तुमचा नाही. गिटारचा."

बांगसाहेबांनी एक छोटा स्पीकर आणला होता. तो फोनला जोडला की तासभर प्रार्थनेचं संगीत चालायचं. पाळकांनी दोघांचंही मन राखलं. मेंगनी आवाज बारीक करून दाखवावा. नाही जमलं तर नाताळपासून बुधवारी स्पीकर. तोवर तो स्टेजच्या कडेला ठेवला गेला. मेंगच्या खुर्चीवरून तो समोरच दिसायचा.

साधी लाकडी गिटार त्यांना चालली नसती. तिच्या तारा जाड, आणि मेंगची बोटं थंडीत आखडतात. म्हणून ते आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन सोलला, नाग्वॉनच्या वाद्यबाजारात, प्यो यांच्याकडे गेले. प्यो क्लबांच्या काळापासून सगळ्यांच्या गिटारी दुरुस्त करतात.

मेंगच्या गिटारवर तारांखाली त्यांचं कंपन टिपणारे दोन चुंबकी पिकअप होते, आणि प्रत्येकात तारेची दोन वेटोळी, म्हणजे कॉईल, शेजारी शेजारी. अशा पिकअपला हंबकर म्हणतात. विजेची बाहेरून येणारी घरघर एक वेटोळं दुसऱ्यातली खोडून काढतं, आणि दोघांचा मिळून आवाज जाड होतो. एक वेटोळं बंद केलं की आवाज बारीक आणि स्वच्छ होतो. मेंगना तेच हवं होतं, खटक्यावर.

प्योंनी मागची झाकणी उघडली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "यातून बाहेर एकच वायर आलीय. दोन्ही कॉईल आतच जोडून शिवून टाकल्यात. उघडायला गेलो तर केसाएवढी तार तुटेल, मग माझ्या नावाने रडशील."

"मग काय करू, दादा?"

"चार वायरींचे घे. आणि भरपूर वेटोळ्यांचे घे. अशक्त पिकअप अर्धा केला की मागे डास उरतो."

खणातून त्यांनी दोन जुने पिकअप काढले. एक मध्यम, गळ्याकडच्या बाजूला. एक भरगच्च, पुलाकडे, म्हणजे तारा बुडाशी जिथे टेकतात तिथे. दोन वेगळ्या कंपन्यांचे. प्रत्येकाच्या दोन कॉईलमधली जोडणी त्यांनी बाहेर काढून खटक्यावर आणली. नॉब वर ओढला की ती अर्थिंगला जायची आणि एक कॉईल गप्प व्हायची.

"अर्धी कॉईल थोडी घरघर करणारच," प्यो म्हणाले. "दोन्ही पिकअप एकदम लावलेस तर तीही जाईल."

शनिवारी दुपारी मेंगनी चर्चमध्ये वाजवून पाहिलं. गळ्याकडचा पिकअप अर्धा केल्यावर आवाज अगदी हवा तसा आला. ओक-बुन स्वयंपाकघरातून मुळा चिरता चिरता बाहेर येऊन म्हणाल्या, "हे बरंय. हे माझ्या आईलासुद्धा चाललं असतं."

बुधवारी पाळक प्रार्थनेत पहिल्यांदा गप्प झाले, आणि त्या शांततेत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून एक जाड घरघर उभी राहिली. मेंगनी घाईने दोन्ही पिकअप एकदम लावले. घरघर वाढली. बांगसाहेबांनी मान वळवून आधी गिटारकडे पाहिलं, मग कडेच्या छोट्या स्पीकरकडे. मेंगनी आवाज पूर्ण बंद केला. उरलेली प्रार्थना गिटारशिवाय झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं नवराबायको रिकाम्या चर्चमध्ये गेले. घरघर तशीच होती. मेंगनी खुर्ची भिंतीकडे वळवली, तशी ती कमी झाली.

"क्लबात असंच व्हायचं," ते म्हणाले. "दारात निऑनची बाई होती. तिच्याकडे तोंड केलं की काही वाजवायची सोय नव्हती."

"कुठली बाई?"

"पाटीवरची गं. जा, जिन्यातलं क्रूसाचं बटण बंद कर जरा."

ओक-बुननी बटण बंद केलं. घरघर गेली. खालून हॉटेलवाल्याचा आवाज आला, "वहिनी, क्रूस गेला की काय?" पाठोपाठ फोन वाजला. बांगसाहेबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्रूस दिसतो.

"का विझला?"

"तपासत होतो, साहेब," मेंग म्हणाले.

"काय तपासत होता?"

"गिटार."

"क्रूस गिटारसाठी विझणार नाही, मेंग."

"नाही, साहेब."

ओक-बुननी न सांगता बटण लावलं. शनिवारी दुपारी क्रूस विझलेला होता, म्हणून सगळं ठीक वाटलं होतं. निऑनचा ट्रान्सफॉर्मर नेमका स्टेजमागच्या भिंतीवर, गच्चीच्या कडेला आहे. भिंतीकडे तोंड करून वाजवायचं तर पाळकांकडे पाठ होते, आणि तसं इथे कोणी बसत नाही.

मेंग परत नाग्वॉनला गेले. प्योंना आपली चूक आहे हे पटेना. शेवटी त्यांनी सोल्डरिंगचा ट्रान्सफॉर्मर गिटारजवळ धरला. दोन्ही पिकअप अर्धे केले तर घरघर जायला हवी होती. ती दुप्पट झाली. मग त्यांनी एक छोटं होकायंत्र पिकअपवरून फिरवलं. चालू राहिलेल्या दोन्ही कॉईलवर सुई एकाच बाजूला वळली, म्हणजे दोघींची घरघर खोडली न जाता एकमेकींत मिळत होती.

"रंग बघून जोडले मी," प्यो म्हणाले. "याची लाल ती त्याची हिरवी. या कंपन्यांना बसून एकदा ठरवता येत नाही?"

"म्हणजे तुमचं चुकलं."

"वायरींचं चुकलं. गप्प बस आणि दिवा धर."

त्यांनी पुलाकडच्या पिकअपची मधली जोडणी अर्थिंगवरून काढून दुसऱ्या टोकाला लावली. आता त्यातली आधी गप्प असलेली कॉईल बोलायला लागली. चुंबकाचं एक टोक इथे, उलटं टोक तिथे. दोन्ही पिकअप एकदम लावल्यावर ट्रान्सफॉर्मर अगदी तारांना टेकवला तरी काही ऐकू येईना. पण आवाज आता वेगळा होता. पोकळ, कोरडा.

"मला नुसता गळ्याकडचा हवा होता," मेंग म्हणाले.

"मग घरघरीसकट घेऊन जा."

मेंगनी तो कोरडा आवाजच घेतला. पुढचे काही दिवस मुलांची वाट पाहताना ते व्हॅनमध्ये बसून बॅटरीच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवत होते. कुठे तार छेडली की कोरडेपणा कमी होतो, ते शोधत होते. शेवटी नेहमीच्या जागेपासून हात बराच मागे न्यावा लागला. एका मुलीने विचारलं, "आजोबा, हिचा घसा बसलाय का?"

"हो," मेंग म्हणाले. "आता बरा होतोय."

बुधवारी त्यांनी बसल्या बसल्या दोन्ही नॉब वर ओढले. पाळक गप्प झाले. खालच्या हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज ऐकू आला, मग कोणाचा तरी खोकला. मेंगनी दोन तारा छेडल्या आणि पुन्हा थांबले. बांगसाहेबांचे डोळे मिटलेले होते, आणि उपासना संपेपर्यंत ते मिटलेलेच राहिले.

जिन्याशी बांगसाहेब त्यांच्याजवळ येऊन थांबले. "आज तुम्ही वाजवलंत की रेकॉर्ड लावली होती?"

"मीच वाजवलं, साहेब."

"रेकॉर्डसारखं वाटलं." त्यांनी बूट चढवले. "नाताळनंतरही तुम्हीच वाजवा."

घरी जाताना ओक-बुन म्हणाल्या, "कौतुक केलं म्हणायचं का तुमचं?"

"आमच्या वेळी ही शिवी होती."

"मग आता?"

मेंगनी गिटारचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

पुढच्या रविवारी छोटा स्पीकर स्टेजवर नव्हता. तो स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरशेजारी होता, आणि त्यावर जुन्या गाण्यांची नुसती साथ चालू होती. बायका मुळ्याचे काप करत त्यावर गात होत्या. मेंग शेवयांचा वाडगा घेऊन दारात उभे राहिले आणि एक अख्खं गाणं त्यांनी ऐकलं.

"गिटारवाला चांगला आहे," ते म्हणाले. "फक्त थांबत नाही कुठे."