पहिली बादली

उन्हाळ्यात खिडक्यांना लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचा धंदा मी नागपुरात एकट्याच्या बळावर उभा केला. बांबू, सुतळी, वाळा, सगळे घासाघीस करून घेतले. फक्त शेजारच्या मावशीची विहीर मला कोणत्याही भावात मिळाली नाही.

मावशी निवृत्त नर्स, एकटी. रविवारी चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसायचो. कोरडा वाळा मोडतो, भिजवल्याशिवाय बांधता येत नाही, म्हणून त्या विहिरीवर माझा डोळा होता. मी भाव वाढवायचो, ती चहा पाजून परत पाठवायची. मी काय उपरा होतो?

पाणी मात्र ती सगळ्या मोहल्ल्याला फुकट द्यायची. त्यातही तिचा नेम होता. शेतातले पहिले पीक देवाचे, तशी विहिरीची पहिली बादली. सकाळी ती स्वतः ओढायची आणि फाटकावर जो पहिला उभा असेल त्याला द्यायची. तिचा माठ त्यानंतर.

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात नळ आटले. मोहल्ल्यातली मंडळी तिच्या अंगणात जमली. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई, विहीर मोहल्ल्याच्या नावानं करून टाका. पुण्य लागेल."

"काहून? पाणी भेटत नाही का तुम्हाले?"

"भेटते. मंग तुम्हाले मालकी कायले पाहिजे?"

"माझी आहे म्हणून तं मले देता येते, भाऊ. दुसऱ्याच्या खिशातून कोणीबी दान करते. देवानं मले सांभाळायले देली, जाबही मलेच विचारीन."

मी संधी साधली. "मंग मले विका! मी कमी भावात देईन सगळ्यायले."

"तू? तू तं बाप्तिस्म्याच्या पाण्यालेही भाव लावशीन!"

सगळे हसले. मी तिला कंजूष म्हातारी म्हणालो आणि तणतणत निघून आलो.

दुसऱ्या दिवशी एका बंगल्याच्या ताट्या द्यायच्या होत्या आणि माझ्या शेडमध्ये थेंब नव्हता. गिऱ्हाईक मोठे, गेले तर परत येणार नव्हते. झक मारत सकाळी फाटकावर मीच पहिला उभा राहिलो. तिने बादली ओढली. पाणी गढूळ आले. दुसरी ओढली तर नुसता चिखल.

"दुपारी झिरपेल," म्हणत तिने पहिली बादली माझ्यापुढे ठेवली. ओसरीवर तिचा माठ पालथा होता.

"मावशी, हे तुम्हीच ठेवा."

"पहिली बादली माझी नसते. आता ते पाणी तुझं."

"माझं ना? मंग अर्धं तुम्हाले देतो."

"लोटाभर दे."

"अर्धं!"

"दीड लोटा. ताट्या राहून जातीन तुह्या."

"माझ्या मालाचं मी ठरवीन, तुम्ही नाही!" मी ओरडलो.

ती हसता हसता विहिरीच्या काठावर बसली. तीन लोट्यांवर सौदा पटला. मी ते फडक्याने गाळून तिच्या माठात ओतले आणि उरलेले घेऊन वाळा भिजवायला गेलो.

बंगल्यावर एक ताटी कमी पोचली. साहेब रागावला, मीही त्याला दोन सुनावल्या. मावशीइतका पक्का मालक मी बाजारात दुसरा पाहिला नाही. विहीर तिने मला शेवटपर्यंत विकली नाही, आणि ते मी तिला अजून माफ केलेले नाही.