डिस्ट्रिब्युटरचं झाकण

ती पांढरी फियाट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी ब्रह्मपुरीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जंगलाच्या रस्त्यावर दिवेलागणीला एका वनरक्षकाला गाडीनं उडवलं. तो दवाखान्यात बेशुद्ध. टपरीवाल्यानं खबर दिली, "पांढरी फियाट होती साहेब, थांबली बी नाई." तशी गाडी भागात एकच, एका डॉक्टरांची. हेडलाइट फुटलेला. गाडी जप्त केली.

प्रश्न एवढाच, चालवत कोण होतं? डॉक्टर परगावी. त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "मी घरी होतो साहेब. चाबी डॉक्टरसाहेबाच्या मेहुण्यापाशी होती. पन माह्यं कोन आयकते?" घरी एकटाच, साक्षीदार नाही. माझा संशय त्याच्यावरच होता. त्याला कोठडीत घातलं.

डॉक्टरांचा मेहुणा आदल्या दिवशीच नागपूरहून आलेला. कडक इस्त्रीचा सफारी. त्यानं जबाब दिला, "गावाबाहेर गाडी बंद पडली. ड्रायव्हरला बोलावलं. त्यानं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून माचिसच्या पट्टीनं पॉइंट घासले. गाडी सुरू झाली. मला घरी सोडून तो गाडी घेऊन गेला."

"घासताना तुम्ही पाहिलं?"

"बाजूलाच उभा होतो ना."

दुसऱ्यांदा विचारलं, तर शब्द न शब्द तोच. तिथं खटकलं.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, तोही फिजिक्सचा पदवीधर. दोन पंच बोलावले आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण स्वतः काढलं. आत पॉइंट नव्हतेच.

जुन्या गाडीत हे पॉइंट उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडतात, तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. ते जळतात, म्हणून घासावे लागतात. इथं फिरतं दातेरी चाक होतं. दाता जवळून गेला की चुंबकाच्या छोट्या कॉइलमध्ये इशारा उठतो आणि बाहेरच्या डब्यातला ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासायला काही उरतच नाही. डॉक्टरांना विचारलं. ही इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्यांनी नुकतीच बसवून घेतली होती. ड्रायव्हरला ते माहीत होतं, पाहुण्याला नव्हतं.

मेहुण्याला बॉनेटपाशी उभं केलं. "दाखवा, काय घासलं?"

तो वाकून पॉइंट शोधू लागला. मग पाणी मागितलं. हेडलाइटची तुटलेली रिंग नाल्यात कुठं फेकली, ते त्यानंच दाखवलं. जप्तीचा पंचनामा झाला. पुढं वनरक्षक शुद्धीवर आला आणि त्यानंही मेहुण्यालाच ओळखलं.

सुटताना ड्रायव्हर म्हणाला, "माह्यी जबानी त्या डब्यानंच देल्ली म्हना ना साहेब."

मी हसलो नाही. तो डबा नसता तर मी त्यालाच कोर्टात उभं केलं असतं.

खरं सांगणारा त्या दिवशी काय झालं ते सांगतो, मध्येच अडखळतो. खोटं सांगणारा नेहमी काय होतं ते सांगतो. म्हणून कुणाची हकिकत फार सुरळीत चालू लागली, की मी आधी बॉनेट उघडायला लावत असे.